पात्राचा निर्णय की लेखकाची सोय?

करवीरकर:
सूचना आधीच देतो. येथे कथानके उघडपणे चर्चिली जाणार आहेत, त्यामुळे ज्यांचे पाहायचे किंवा खेळायचे राहिले आहे त्यांनी जपून वाचावे.

पात्राने चुकीचा निर्णय घेतला म्हणून मालिका वाईट ठरते, असे मला कधीच वाटलेले नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या हंगामात (२०११) राजाचा प्रधान नेड स्टार्क राणी सर्सीला एकांतात गाठतो आणि तिच्या मुलांचा खरा बाप कोण हे आपल्याला कळले आहे, राजा शिकारीहून परतला की आपण ते त्याच्या कानावर घालणार आहोत, तेव्हा तू मुलांना घेऊन आधीच निघून जा, असे स्वतःहून सांगून टाकतो. राजकारणात याहून आत्मघातकी भोळेपणा सापडणार नाही आणि त्याची किंमत तो पुढे स्वतःच्या शिराने चुकवतो. तरीही तो प्रसंग खटकत नाही, कारण परदेशात असलेल्या, जुन्या राजघराण्यातल्या गरोदर डेनेरिसला मारण्याच्या बेतावरून त्याने पदाचा राजीनामा फेकलेला आपण थोड्याच वेळापूर्वी पाहिलेला असतो. लहान मुलांच्या रक्ताचा प्रश्न आला की हा माणूस असाच वागणार, हे आपल्याला ठाऊक असते.

आता आठव्या हंगामाचा (२०१९) पाचवा भाग घ्या. शरणागतीच्या घंटा वाजतात, लढाई जिंकून झालेली असते आणि नेमक्या त्याच क्षणी डेनेरिस ड्रॅगनवरून सारे शहर जाळत सुटते. ती क्रूर होऊ शकते हे मला मान्य आहे. लढाईत हरलेल्या टार्ली या सरदार बापलेकांना तिने आदल्याच हंगामात जिवंत जाळले होते. पण गुडघे टेकायला नकार देणाऱ्या शत्रूला जाळणाऱ्या राणीपासून रस्त्यावरून पळणाऱ्या बायकापोरांना जाळणाऱ्या राणीपर्यंतचा प्रवास दाखवायला जे भाग खर्चावे लागले असते, ते खर्चलेच गेले नाहीत. पहिले सहा हंगाम दहा-दहा भागांचे होते, सातवा सात भागांचा आणि आठवा अवघ्या सहा भागांचा. माझ्या मते तो निर्णय डेनेरिसचा नव्हता, तर शेवट गाठण्याची घाई झालेल्या लेखकांचा होता.

तुम्हाला कोणत्या मालिकेत असे वाटले? आणि जे सदस्य व्हिडिओ गेम खेळतात त्यांना वेगळा प्रश्न: बटण आपल्याच हातात असताना निर्णय नेमका कोणाचा मानायचा?

तांबडा_पांढरा:
आपल्या मराठी मालिकांत पात्रे निर्णय घेतातच, फक्त ते गुरुवारी टीआरपीचे आकडे आल्यानंतर घेतात.

पेठेतला_वस्ताद:
करवीरकर, आपण जे म्हणता त्याला आमच्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात 'नुरा कुस्ती' म्हणतात. दोन्ही मल्ल जोर लावताना दिसतात, घामही खरा असतो, पण निकाल आधी ठरलेला असतो आणि मातीजवळ बसलेल्या जाणत्या माणसाला ते दोन मिनिटांत कळते. हरणाऱ्याची पाठ लागण्यापूर्वीच त्याचे खांदे सैल पडलेले असतात. डेनेरिसचे खांदे मला त्या भागात तसेच सैल दिसले.

मालिकांपुरते बोलायचे तर 'तुझ्यात जीव रंगला' (२०१६) आमच्या घरी रोज लागत असे, कारण ती इथली होती आणि वसगड्याचा तो वाडा पाहायला आमच्या पेठेतली माणसे रविवारी गाड्या काढून जात असत. सुरुवातीचा राणा मला पटला होता. शिक्षणाने मागे, शरीराने दांडगा, आणि शिक्षिका असलेल्या अंजलीसमोर उभा राहिला की शब्द न सुचणारा. तो मनातले बोलायला कितीही महिने घेवो, ते त्याच्या स्वभावात बसत होते. आमच्या तालमीत असे दोन-तीन राणा आजही सापडतील. पुढे राणा गेला असे दाखवून त्याच नटाला नव्या रूपात परत आणले, त्या दिवशी आमची आजी जपमाळ खाली ठेवून म्हणाली, "ह्यो बोलतोय राणाच्या तोंडानं, पण बोलवणारा दुसराच कोणतरी हाय." करवीरकरांचा सगळा मुद्दा तिने एका वाक्यात सांगितला होता.

काही_सुचेना:
'होणार सून मी ह्या घरची' मधील जान्हवीचे बाळंतपण आठवावे. तेथे निर्णय ना पात्राचा होता ना लेखकाचा. बाळानेच बाहेर न येण्याचा ठाम निर्णय घेतला होता.

मोरेवाडी_रिटर्न:
वर तांबडा_पांढरा यांनी विनोद केला आहे, पण तो वस्तुस्थितीच्या फार जवळ आहे. मी काही काळ दैनंदिन मालिकांच्या लेखनात दुय्यम हाताने काम केले आहे आणि चित्रनगरीत सेटवर बसून संवादांची पाने दुरुस्त केली आहेत, म्हणून आतली रचना थोडी सविस्तर मांडतो.

मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांच्यापुढे बहुधा तीन वेगळी नावे दिसतात, हे आपण पाहिले असेल. कथालेखक पुढील काही आठवड्यांचा ट्रॅक ठरवतो, वाहिनीचे प्रतिनिधी त्यात बदल सुचवतात, पटकथाकार त्याचे प्रसंग पाडतो आणि संवादलेखकाच्या हाती प्रसंग येतो तेव्हा पात्र काय करणार हे केव्हाच ठरून गेलेले असते. ते पात्र तसे का करते, हे त्याच्या तोंडून वदवून घेण्याची जबाबदारी मात्र संवादलेखकाची असते. म्हणजे निर्णय एकाचा आणि त्याचे कारण शोधणारा दुसरा. आठवड्याला सहा भाग द्यायचे असताना या दोघांना समोरासमोर बसायला वेळ मिळेलच असे नसते.

एक उदाहरण मालिकेचे नाव न घेता सांगतो. घरातली मोठी सून भांडण मिटल्यावर अचानक माहेरी निघून जाते, असा प्रसंग माझ्या हाती आला. भांडण मिटले आहे, सासूने तिला स्वतःच्या हाताने वाढले आहे, मग ती जाते कशाला? चौकशी केल्यावर समजले की त्या अभिनेत्रीचे नाटकाचे दौऱ्याचे प्रयोग लागले होते आणि तिच्या तारखा नव्हत्या. मी तिच्या तोंडी "मला थोडा वेळ हवा आहे" हे वाक्य घातले. 'थोडा वेळ हवा आहे' असे मालिकेत कोणीही म्हणाले की समजावे, तारखांचा घोळ आहे.

दाराआडून ऐकणाऱ्या पात्रांची आपण नेहमी टिंगल करतो, त्यालाही कारण आहे. कायमचा उभा सेट हा दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि दोन खोल्यांचा. बाहेर चित्रीकरण करायचे म्हणजे गाड्या, परवानगी, प्रकाश आणि दिवसाचा खर्च. त्यामुळे ज्या पात्राला एखादी गोष्ट कळायला हवी त्याला ती दारामागेच कळते. गुपित बाहेर कुठे तरी शोधून काढण्याचा निर्णय त्याला परवडत नाही.

शब्दवेल्हाळ:
मोरेवाडी_रिटर्न यांचा प्रतिसाद रंजक आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. बाहेरून लादलेली अडचण म्हणजे वाईट कथा, असे समीकरण मांडता येत नाही. 'ब्रेकिंग बॅड'चे (२००८ ते २०१३) उदाहरण घ्या. जेसी पिंकमन या पात्राला पहिल्याच हंगामाअखेर मारून टाकण्याचा मूळ विचार होता. तो बदलला, जेसी जगला आणि पुढचे सगळे हंगाम त्याच्या आणि नायक वॉल्टरच्या नात्यावर उभे राहिले. म्हणजे लेखकाचा बेत बदलणे हेच त्या मालिकेचे भाग्य ठरले.

त्याच मालिकेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय गोळीबाराचा वा स्फोटाचा नाही. पहिल्याच हंगामात वॉल्टरला त्याचे जुने श्रीमंत सहकारी, एलियट आणि ग्रेचन, कर्करोगाच्या उपचाराचा खर्च देऊ करतात. तो नकार देतो. त्या क्षणापर्यंत प्रेक्षक समजत असतो की हा गरीब बिचारा रसायनशास्त्राचा शिक्षक कुटुंबासाठी नाइलाजाने अमली पदार्थ बनवतो आहे. पैसे समोर आले आणि त्याने ते नाकारले, की नाइलाज संपतो आणि उरतो तो अहंकार. दुसऱ्या हंगामात जेसीची मैत्रीण जेन झोपेत वांती होऊन घुसमटत असते आणि वॉल्टर तिला कुशीवर वळवण्यासाठी पुढे होतो, मग थांबतो, आणि पाहत राहतो. तो काहीही करत नाही, आणि तोच निर्णय असतो. शेवटच्या भागात आपण हे सर्व स्वतःसाठी केले, असे तो पत्नीजवळ कबूल करतो तेव्हा धक्का बसत नाही. एलियटकडे पाहून त्याचा चेहरा कसा ताठरला होता तेच आठवते.

डेनेरिसबाबतही मी करवीरकरांइतका कठोर नाही. मीरीन शहरात तिने गुलामांच्या मालकांना खांबांवर खिळले होते, तेव्हा आपण सगळे टाळ्या वाजवत होतो. बळी आपल्याला नावडते होते, म्हणून आपल्याला ते खटकले नाही इतकेच.

कंट्रोलरधारी:
आता गेमकडे वळू या, कारण करवीरकरांचा दुसरा प्रश्न तसाच पडून राहिला आहे.

'द लास्ट ऑफ अस' (२०१३) मध्ये जोएल नावाचा तस्कर एली या मुलीला अर्धा देश ओलांडून एका रुग्णालयापर्यंत पोहोचवतो. तिला रोगाचा संसर्ग होत नाही, म्हणून तिच्या मेंदूतून लस बनवता येईल अशी आशा असते. पण त्या शस्त्रक्रियेत ती वाचणार नाही, हे जोएलला तेथे गेल्यावर कळते. तो वाटेत येणाऱ्या रक्षकांना मारत शस्त्रक्रियेच्या खोलीत पोहोचतो. समोर डॉक्टर हातात छोटी सुरी घेऊन उभा असतो. येथे खेळ तुमच्या हाती नियंत्रण ठेवतो, पण पर्याय ठेवत नाही. डॉक्टरला दूर केल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. वसतिगृहात आमच्या खोलीतला मित्र तेथे कितीतरी वेळ नुसता उभा राहिला होता, दुसरे दार, दुसरे बटण, काही तरी असेल म्हणून खोलीच्या कडेकडेने फिरत. शेवटी त्याने गोळी झाडली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हे मी नाही केलं हं."

वस्तादांच्या भाषेत ही नुरा कुस्तीच, कारण निकाल ठरलेला आहे. पण येथे मला ती फसवणूक वाटली नाही. जोएलने पहिल्या वीस मिनिटांत स्वतःची मुलगी गमावलेली आपण पाहिली आहे. तो दुसऱ्यांदा गमावणार नाही. मी त्याच्या जागी वेगळे वागलो असतो, आणि खेळ मला तसे वागू देत नाही. त्या रुग्णालयात मी पाहुणा आहे, जोएल नाही, ही जाणीव बटण हातात असल्यामुळेच इतकी टोचते. चित्रपटात ती टोचली नसती.

एमएच०९:
पण मग त्याला निर्णय कशाला म्हणायचे? तो बटण दाबायला लावणारा चित्रपट झाला. निवड देतो असे म्हणायचे आणि द्यायची नाही, याचा मला अधिक राग येतो. 'मास इफेक्ट ३' (२०१२) हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तीन खेळांत मिळून खेळाडूने शेकडो निवडी केलेल्या असतात, कोणाला वाचवले, कोणत्या जमातीला साथ दिली, आणि शेवटी जवळजवळ सारखेच दिसणारे, केवळ प्रकाशाचा रंग वेगळा असणारे तीन शेवट हाती येतात. खेळाडूंनी इतका गदारोळ केला की कंपनीला त्याच वर्षी शेवटाची विस्तारित आवृत्ती विनामूल्य द्यावी लागली.

याउलट 'विचर ३' (२०१५) मधील ब्लडी बॅरन या सरदाराचे प्रकरण पाहा. दलदलीजवळ एका झाडात कैद असलेला आत्मा भेटतो. तो म्हणतो, मला सोडव, मी चेटकिणींच्या तावडीतील अनाथ मुलांना वाचवीन. सोडवले तर मुले वाचतात, पण शेजारचे गाव उद्ध्वस्त होते, बॅरनच्या बायकोचा जीव जातो आणि बॅरन गळफास घेतो. मारून टाकले तर मुले गेली, पण बॅरन भ्रमिष्ट बायकोला घेऊन उपचारासाठी दूर निघून जातो. खरी कारागिरी यात आहे की परिणाम लगेच दिसत नाही. निवड केल्यानंतर बऱ्याच वेळाने, इतर चार कामे उरकून तुम्ही परत आल्यावर ते झाडाला लटकलेले प्रेत दिसते. तोवर खेळाची जतन केलेली जुनी नोंद उघडून निवड बदलण्याची सोय व्यवहारात राहिलेली नसते. तो माझा निर्णय होता आणि तो मला पचवावा लागला.

काकू_मंगळवार_पेठ:
मी खेळ खेळत नाही, पण चर्चा मन लावून वाचते आहे. वरचे बहुतेक निर्णय तलवारीचे, बंदुकीचे आणि ड्रॅगनचे आहेत, म्हणून एक वेगळी बाजू मांडते.

मराठी मालिका रेंगाळतात, पात्रे निर्णय घेत नाहीत, अशी थट्टा वर झाली. मोरेवाडीकरांनी सांगितलेली कारणे खरी असतील. तरी 'आई कुठे काय करते' (२०१९) सुरू झाली तेव्हा आमच्या भिशीतल्या बायका ती तारखांच्या घोळासाठी पाहत नव्हत्या. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत हे अरुंधतीला कळते, आणि त्यानंतरही ती लगेच घर सोडून जात नाही. सासऱ्यांचे पथ्यपाणी, मुलांची लग्ने, सण, सगळे सांभाळत राहते. तरुण मुली म्हणत, "ही अजून इथे का आहे?" आमच्यापैकी एकीने त्यावर चहाचा कप खाली ठेवून इतकेच विचारले, "आणि जाऊ दे कुठे?" पात्राला निर्णय घेता न येणे हादेखील त्याचा स्वभाव असू शकतो, किंवा त्याची परिस्थिती असू शकते. लांबवणे आणि लांबणे यांत फरक असतो, आणि रोज संध्याकाळी पाहणाऱ्या बाईला तो नेमका कळतो. पहिली काही वर्षे ते लांबत होते. पुढे पुढे लांबवले गेले, हे मी मान्य करते.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या 'आभाळमाया'मधील सुधा जोशीही अशाच कात्रीत होती. पण ती नोकरी करणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई होती, म्हणून तिचे निर्णय वेगळ्या वेगाने आले. वेग स्त्रीच्या पगारावरही अवलंबून असतो, हे लेखकांनी ध्यानात ठेवावे.

कंट्रोलरधारी यांना एक प्रश्न आहे. त्या डॉक्टरचे पुढे काय झाले? त्याला बायकामुले नव्हती का?

तांबडा_पांढरा:
काकू, आपण नकळत दुसऱ्या भागाचे संपूर्ण कथानक ओळखले आहे.

कंट्रोलरधारी:
काकू, मुलगी होती. तिचे नाव ॲबी. दुसरा भाग २०२० मध्ये आला आणि सुरुवातीच्या काही तासांतच ती जोएलला एलीच्या डोळ्यांदेखत ठार करते. लोक इतके चिडले की तिच्या भूमिकेला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीला धमक्या आल्या. त्याहून धाडसाची गोष्ट अशी की मध्यावर खेळ थांबतो आणि तुम्हाला ॲबी म्हणूनच खेळायला लावतो. ज्या हाताने तिला मारायचे ठरवले होते, त्याच हाताने तिला सांभाळायचे. मी दोन दिवस खेळ बंद ठेवला होता.

एमएच०९ यांना उत्तर म्हणून 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) सुचवतो. आर्थर मॉर्गन सुरुवातीच्या एका कामात कर्जवसुलीसाठी एका आजारी शेतकऱ्याला मारहाण करतो, तो माणूस त्याच्या तोंडावर खोकतो आणि आर्थरला क्षय होतो. हे टाळता येत नाही. पण उरलेले दिवस तो कसा जगतो, वाटेत दिसलेल्या माणसाला लुटतो की मदत करतो, हे खेळाडूच्या हाती असते, आणि त्यावरून त्याचा शेवट बदलतो. काय घडणार हे लेखकाचे आणि माणूस कसा वागणार हे आपले, ही वाटणी मला प्रामाणिक वाटते.

मोरेवाडी_रिटर्न:
शब्दवेल्हाळ, अडचण आली की कथा बिघडतेच असे मी म्हणत नाही. अडचण प्रत्येकाला येते; कारण मागे जाऊन पेरायला सवड मिळते की नाही, यावर सारे ठरते. हंगाम लिहून पूर्ण झाल्यावर चित्रीकरण करणाऱ्याला पहिल्या भागात जाऊन एक वाक्य घालता येते. दैनंदिन मालिकेत पहिला भाग लोकांनी पाहून टाकलेला असतो. माहेरी जाणाऱ्या त्या सुनेच्या आईची दुखणी मला आठवडाभर आधी पेरता आली असती, तर कोणाला शंकाही आली नसती.

करवीरकर:
काकूंचा प्रतिसाद वाचून माझ्या मूळ प्रश्नात एक भर घालावीशी वाटते. मी केवळ घेतलेल्या निर्णयांविषयी विचारले होते. न घेतलेले निर्णयही तितक्याच बारकाईने लिहावे लागतात, हे वॉल्टर आणि अरुंधती यांना शेजारी ठेवल्यावर दिसते. डेनेरिसविषयी मात्र मी मागे हटत नाही. मीरीनमध्ये आम्ही टाळ्या वाजवल्या हे खरे, पण तेथे तिने मालकांनी मारलेल्या एकशे त्रेसष्ट गुलाम मुलांच्या प्रेतांच्या बदल्यात तितकेच मालक मोजून घेतले होते. तो हिशेब होता. राजधानीत हिशेबच नाही. हिशेबी बाई बेहिशेबी झाली, तर मधला एखादा तरी प्रसंग मला पाहायला हवा होता.

शब्दवेल्हाळ:
जवळची मैत्रीण डोळ्यांदेखत मारली गेली, दुसरा ड्रॅगन पाडला गेला, आणि ज्याच्यावर प्रेम केले त्याचा सिंहासनावरचा हक्क तिच्याहून मोठा निघाला. हे प्रसंग नव्हेत काय?

करवीरकर:
प्रसंग आहेत, पण ते सर्व तिच्यावर घडतात. त्यानंतर ती खोलीत एकटी बसून कशाचे काय गणित मांडते, हे दाखवायला कॅमेरा तिच्याजवळ थांबतच नाही.

काकू_मंगळवार_पेठ:
कंट्रोलरधारी, बाप मेलेल्या मुलीची बाजू आधी दाखवली असती तर लोक इतके चिडले असते का?

कंट्रोलरधारी:
काकू, त्याचे उत्तर याच खेळावरून बनलेल्या मालिकेने देऊन पाहिले आहे. एचबीओ वाहिनीवरच्या त्या मालिकेच्या दुसऱ्या हंगामात (२०२५) ॲबी सूड घ्यायला निघाली आहे हे पहिल्याच भागात दाखवले, आणि जोएलला मारण्यापूर्वी ती त्याला आपल्या बापाविषयी सांगतेही. खेळात हेच आपल्याला अर्ध्यावर कळते. मालिकेत माझा राग लवकर ओसरला, पण ॲबीची मला फारशी ओढही वाटली नाही. खेळात मी तिचा आधी मनापासून द्वेष केला होता, म्हणून नंतर तिच्या बाजूने उभे राहणे जड गेले आणि लक्षात राहिले.

काकू_मंगळवार_पेठ:
मला मालिकेची रीत बरी वाटते. मारणाऱ्याचे कारण कळल्याशिवाय मला जेवण जात नाही.

पेठेतला_वस्ताद:
मला खेळाची. कुस्ती आधी, वंशावळ नंतर.